खटक्याची करवत

परवा बहिणीकडे बडोद्याला गेलो होतो. भाचा कॉलेजात आहे. मित्रांबरोबर जांबुघोड्याच्या रानात तंबू ठोकून दोन रात्री राहायचा त्याचा बेत. "मामा, करवत घ्यायची आहे, येतोस?" करवत म्हटल्यावर मी निघालोच. गुजरातीतही करवतच म्हणतात, त्यामुळे दुकानात अडचण नव्हती!

मांडवीच्या बाजारात दुकानदाराने तीन प्रकार पुढे ठेवले. तारेची करवत खिशात मावते, पण ओढता ओढता दम निघतो. धनुष्यासारख्या चौकटीची झपाझप कापते, पण पिशवीत बसत नाही. उरली मिटणारी. भाच्याने त्यातली सर्वांत स्वस्त उचलली. मी पाते उघडून पाहिले. उघडे पाते अडकवून ठेवणारा खटकाच नव्हता.

मी त्याला माझी तर्जनी दाखवली. पेडण्याला आमच्या आंब्याची फांदी छाटताना बाबांची मिटणारी करवत माझ्या हातात होती. मी बारा वर्षांचा. जोर लावून ढकलली आणि पाते बोटावर मिटले. बाबांनी बोट आपल्या पंचाने बांधले. रागावले नाहीत. जखम भरल्यावर त्याच झाडाखाली पुन्हा उभे करून म्हणाले, "आधी खालून थोडे काप, मग वरून. म्हणजे साल सोलवटत नाही. आणि करवतीशी भांडू नकोस."

शेवटी खटक्याची, आठ इंची पात्याची, ओढताना कापणारी करवत घेतली. ओढताना पाते ताणलेले राहते, वाकत नाही, म्हणून ते पातळ असले तरी चालते. ओल्या लाकडाला मोठे दाते बरे, सुक्याला बारीक. आम्ही मधले घेतले. या नव्या करवतींचे दाते इतके कडक असतात की कानस चालत नाही, म्हणून पाते बदलता येते ना, तेही पाहिले. बाबा दर पावसाळ्यानंतर कानस घेऊन बसायचे, ते आठवले.

घरी येताना भाच्याला सांगितले, जांबुघोडा हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, वाळलेले लाकूडही उचलून आणता येत नाही. त्याचा चेहरा पडला. "मग करवत कशाला घेतली?" मग मित्राच्या शेतावर जायचे ठरले. तिथे बांधावरच्या बाभळी छाटायच्याच होत्या.

परतल्यावर त्याचा फोन आला. "मामा, आधी खालून कापले."

मी बोटाकडे पाहिले. व्रण अजून आहे.