मिटल्या अंगठीतल्या दोघी

बाहेरून पाहिलं तर ही अंगठी पक्की दरबारी. मोतीशिंपल्याचं कडं, त्यात जडवलेली बारीक माणकं, आणि वरच्या झाकणावर हिऱ्यांनी रेखलेलं ‘ई’ हे अक्षर. त्याच्यातच निळ्या मिन्याचं ‘आर’ गुंफलेलं. एलिझाबेथ रेजिना, म्हणजे एलिझाबेथ राणी. घडण साधारण १५७५ ची. हात पुढे झाला की समोरच्यानं मान लववायची, एवढंच असल्या दागिन्याचं काम. पण हिच्या झाकणाला एका अंगाला इवलीशी बिजागरी आहे. नखानं झाकण उचललं की आत दोन बायका भेटतात.

एक खुद्द एलिझाबेथ, चाळिशी ओलांडलेली, बाजूनं दिसणारी. दुसरीच्या डोक्यावर मागे सरकवलेली फ्रेंच टोपी आहे. १५७५ मध्ये ही टोपी जुन्या जमान्यातली झाली होती. ती एलिझाबेथच्या वडिलांच्या, आठव्या हेन्रीच्या दरबारातली. दोन्ही चेहरे नखाएवढेही नाहीत. एक झाकणाच्या आतल्या अंगाला, दुसरा तळाशी. त्यामुळे झाकण मिटलं की दोघी एकमेकींकडे तोंड करून राहतात. कारागिरानं हे सोयीसाठी केलं असेल, पण या अंगठीचा सगळा स्वभाव मला त्या एका रचनेत दिसतो. उघडी असली तर ती इतरांची. मिटली की त्या दोघींची.

ती दुसरी कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण कॅथरीन पार म्हणतात, हेन्रीची सहावी राणी. या सावत्र आईनं एलिझाबेथला खरोखरच माया लावली होती. बहुतेकांचं मत मात्र एलिझाबेथच्या सख्ख्या आईकडे, ॲन बोलिनकडे झुकतं, आणि माझंही. कॅथरीन पारला लपवायचं कारण काय? तिचं नाव घ्यायला कुणाची बंदी नव्हती, कुणाला संकोच नव्हता. बिजागरीमागे ठेवावी लागते ती जिचं नाव चारचौघांत घेता येत नाही तीच.

ॲन बोलिनची लेक ७ सप्टेंबर १५३३ ला ग्रीनिचच्या राजवाड्यात जन्मली. हेन्रीला मुलगा हवा होता. ॲनला मात्र या पोरीचं भारी कौतुक होतं, आणि त्याचा पुरावा कापडाच्या बिलांत शिल्लक आहे. १५३६ च्या सुरुवातीच्या महिन्यांत तिनं लेकीसाठी जांभळ्या साटिनच्या टोप्या करवल्या, त्यांना सोन्याच्या तारेची जाळी लावून; नारिंगी मखमलीचा झगाही शिवून घेतला. मग तिच्यावर खटला भरला गेला. १७ मे ला तिचं लग्न रद्दबातल ठरवलं गेलं. १९ मे ला लंडनच्या टॉवरमध्ये, फ्रान्सहून मुद्दाम आणवलेल्या तलवारबाजाच्या हातून तिचं डोकं उडवलं गेलं. एलिझाबेथ तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती. अकराव्या दिवशी हेन्रीनं जेन सीमोरशी लग्न लावलं.

त्याच उन्हाळ्यात मुलीला सांभाळणाऱ्या लेडी ब्रायननं राजाचा मंत्री क्रॉमवेल याला पत्र धाडलं. पोरीला ना झगा आहे, ना परकर, ना आतल्या सदऱ्यांना कापड. दाढा येताहेत, त्रास होतोय. राजकन्येची आता नुसती ‘लेडी’ झाल्यावर तिला कोणत्या मानानं वागवायचं हेही तिला कळेना. ॲनच्या खटल्यात काय खरं, काय रचलेलं, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला मात्र कापडाचं बिल आणि हे पत्र शेजारी ठेवल्यावर त्या घरात काय घडलं ते अधिक कळतं. सोन्याच्या जाळीची टोपी शिवून देणारं माणूस गेलं होतं, आणि मुलीचे कपडे तोकडे झालेत हे बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

मोठ्या सावत्र बहिणीशी, मेरीशी, तुलना केल्याशिवाय या अंगठीचं मौन समजत नाही. मेरीच्या आईचं, आरागॉनच्या कॅथरीनचं, लग्नही हेन्रीनं असंच मोडीत काढलं होतं. १५५३ मध्ये मेरी गादीवर आली आणि पहिल्याच पार्लमेंटमध्ये तिनं आईचं लग्न वैध होतं असा कायदा करून घेतला. एलिझाबेथनं १५५९ मध्ये आईच्या बाजूचा वारसा आपल्याला मिळावा एवढ्यापुरता कायदा करून घेतला, पण लग्नाचा विषय काढला नाही. काढला असता तर बापानं काय केलं आणि का केलं, हे सगळं पुन्हा उकरावं लागलं असतं, आणि तिचा गादीवरचा हक्क त्या बापाच्या नावावरच उभा होता. राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी, १४ जानेवारी १५५९ ला, लंडन शहरानं ग्रेसचर्च स्ट्रीटवर एक कमान उभारली. तिच्यावर हेन्री आणि ॲन शेजारी शेजारी बसवले होते, आणि सर्वांत वर एलिझाबेथ. बावीस-तेवीस वर्षांनी ॲन अशी उघड्यावर राणी म्हणून दिसली. पण ते शहराचं बोलणं होतं. लेक स्वतः आईबद्दल क्वचितच काही बोलली.

बोलली नाही म्हणून तुटली, असं मात्र मुळीच नाही. ॲनची बहीण मेरी बोलिन ही एलिझाबेथची मावशी. त्या मावशीच्या मुलाला, हेन्री केरीला, तिनं गादीवर येताच बॅरन हन्सडन केलं. मावसबहीण कॅथरीन नॉलिस शेवटपर्यंत तिच्या अंतःपुरात होती. ॲनचं चिन्ह ससाणा. ते तिनं स्वतःही वापरलं. आईचं माहेर तिनं असं गुपचूप सांभाळलं, आणि तिच्याभोवतीची बरीचशी विश्वासाची माणसं त्या माहेरचीच होती.

अंगठी उलटी केली की तळाच्या मागच्या बाजूला, म्हणजे बोटाला चिकटणाऱ्या अंगाला, मिन्यात एक पक्षी दिसतो: मुकुटातून आणि ज्वाळांतून वर उठणारा फिनिक्स. हे चिन्ह एलिझाबेथनं आपलंसं केलं होतं, पण ते सीमोर घराण्याचंही होतं. त्यावरून एक तर्क असा निघाला आहे की ही अंगठी हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सीमोर यानं राणीला नजर केली असावी. तर्क खरा असेल तर त्यात नात्यांचा केवढा गुंता आहे! जिनं ॲनची जागा घेतली ती जेन सीमोर या एडवर्डची सख्खी आत्या. म्हणजे आत्यानं जिचा संसार घेतला, तिचं चित्र भाच्यानं तिच्या लेकीच्या बोटात घातलं.

शिवाय याच एडवर्डनं १५६० मध्ये कॅथरीन ग्रेशी चोरून लग्न केलं होतं. कॅथरीन ही एलिझाबेथच्या आतेबहिणीची मुलगी, नात्यानं भाची, आणि गादीच्या वारसांत अगदी वरच्या जागी. राणीनं दोघांना टॉवरमध्ये टाकलं. तिथेच त्यांना दोन मुलगे झाले. लग्न अवैध ठरवलं गेलं, मुलं अनौरस ठरली, आणि १५६८ मध्ये कॅथरीन नजरकैदेतच वारली. आपल्या आईचं लग्न एका हुकमानं पुसलं गेलं, आपण एका दिवसात अनौरस झालो, हे जिनं भोगलं होतं तिनंच भाचीवर तीच पाळी आणली. राज्याला धोका होता हे मान्य. बिनवारस राणीला प्रत्येक भाची म्हणजे प्रतिस्पर्धी वाटणार हेही मान्य. तरीही मला एलिझाबेथची ही गोष्ट पचत नाही.

२४ मार्च १६०३ ला पहाटे रिचमंडला राणी गेली. राज्याभिषेकाची अंगठी मांसात रुतली म्हणून काही आठवडे आधी कापून काढावी लागली होती, ती वेगळी. राणी गेल्याची बातमी घेऊन रॉबर्ट केरी घोड्यावर निघाला, वाटेत पडला, डोक्याला खोक पडली, तरी शनिवारी रात्री, २६ तारखेला, एडिंबराला गादीचा वारस असलेल्या जेम्सच्या दारात हजर झाला. खूण म्हणून त्याच्याजवळ एक निळी अंगठी होती. ती हीच, असं काही जण मानतात. खात्रीनं सांगता येत नाही. मात्र रॉबर्ट केरी कोण होता ते ठाऊक आहे: मेरी बोलिनचा नातू. एलिझाबेथच्या ट्यूडर घराण्याचं राज्य संपल्याची वर्दी ॲनच्या बहिणीच्या नातवानं दिली. नव्या राजानं ही अंगठी लॉर्ड होमला दिली अशी परंपरा आहे, आणि त्या घराण्यात ती पिढ्यान्पिढ्या राहिली.

आता ती बकिंगहॅमशायरमधल्या चेकर्स वाड्याच्या संग्रहात आहे. १९२१ पासून ब्रिटिश पंतप्रधानांना विश्रांतीसाठी मिळालेलं हे घर. अंगठी तिथून क्वचितच बाहेर येते. त्या घराची एक जुनी पाहुणी मला अंगठीइतकीच महत्त्वाची वाटते. कॅथरीन ग्रेची धाकटी बहीण मेरी ग्रे हिनंही १५६५ मध्ये, न विचारता, राजवाड्याच्या दारावरचा अधिकारी टॉमस कीज याच्याशी लग्न केलं. राणीनं त्याला फ्लीटच्या तुरुंगात घातलं आणि मेरीला चेकर्सला, तेव्हाचा मालक विल्यम हॉट्री याच्या पहाऱ्यात ठेवलं. जवळजवळ दोन वर्षं ती तिथे होती. राणीच्या मंत्र्याला, सेसिलला, पत्रांमागून पत्रं लिहून माफी मागत राहिली. नवरा पुन्हा भेटलाच नाही. तो १५७१ मध्ये वारला, त्यानंतर कुठे तिची सुटका झाली. अंगठी घडली त्या सुमाराला मेरी हयात होती. १५७८ मध्ये तीही गेली. चेकर्समध्ये वरच्या मजल्यावर तिची खोली अजून दाखवतात. ज्या घरात या अंगठीची राखण होते तिथे मेरी ग्रेचंही नाव तितक्याच आदरानं घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं. तीही त्याच कुटुंबातली होती.