हसू कोणाचे, जखम कोणाला?

डेव्ह शॅपेल हा अमेरिकेतील नावाजलेला कृष्णवर्णीय विनोदवीर. ऑक्टोबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर त्याचा 'द क्लोजर' हा कार्यक्रम आला आणि त्याच्या चाहत्यांतच जुंपली. त्यात त्याने तृतीयपंथी लोकांवर विनोद केले होते. काही म्हणाले, कलावंताला बोलू द्या. काही म्हणाले, आधीच मार खाणाऱ्यांना आणखी का मारता? 20 ऑक्टोबरला नेटफ्लिक्सच्याच काही कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निषेध केला. कंपनीने कार्यक्रम काढला नाही.

आम्हाला मात्र 2005 सालचा शॅपेल आठवतो. पाच कोटी डॉलरचा म्हणून गाजलेला करार आणि टीव्हीवरचा स्वतःचा कार्यक्रम सोडून तो दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. वर्णद्वेषावर बोट ठेवणाऱ्या एका प्रहसनाच्या चित्रणात एक गोरा माणूस असा काही हसला, की हा आपल्याबरोबर नव्हे, आपल्यालाच हसतो आहे, असे त्याला वाटले. पुढे त्याने हे स्वतः सांगितले.

ते हसू आम्ही ओळखतो. कचेरीत चहाच्या वेळी 'सरकारचे जावई' असा टोमणा येतो, हशा पिकतो. आम्ही रागावलो की, 'अहो, गंमत केली!'

म्हणून आमचे मत असे की, विनोदावर बंदी नको. पण शॅपेलने 2005 साली स्वतःच्या विनोदाला लावलेली कसोटी 'द क्लोजर'लाही लावावी. हसण्यापूर्वी आपणही एवढे विचारावे : हा विनोद ज्याला लागतो, त्याच्या हाती उत्तर द्यायला माइक आहे काय?