हवालदारांचं दुकान

कोरेगावात रस्ता रुंद झाला आणि त्यात हवालदारांचं दुकान गेलं. दुकान म्हणजे तरी काय, पुढे फळ्यांचं दार, वर पत्रा, पावसाळ्यात साखरेच्या पोत्यावर हमखास ठिबकणारी एक जागा. ते गेल्याचं दुःख मी आवरू शकतो. राग आहे तो मापाचा. ज्या माणसानं उभ्या हयातीत कुणाला गुंजभर कमी तोललं नाही, त्याच्या ओट्यावर लाल रेघ मारणाऱ्यांनी शेजारच्या दुमजली इमारतीपाशी टेप बराच सैल धरला. ती रेघ तिथं वळून गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. हवालदार तेव्हा हयात नव्हते. ते बरंच झालं, असं लोक म्हणतात. मी म्हणणार नाही. ते असते तर टेप पुन्हा धरायला लावला असता.

हवालदार फौजेतून पेन्शनीत आलेले. सातारा जिल्ह्यात फौजी म्हणजे काही नवलाई नाही. अपशिंगे गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्दच जोडलेला आहे. पेन्शनीत आलेला माणूस शेती बघतो, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, नाहीतर गावकीच्या राजकारणात पडतो. किराणा कुणी टाकत नाही. हवालदारांनी टाकला. मराठ्याच्या हाताला तराजू झेपायचा नाही, असं गावानं पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. हवालदारांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी वजनं मांडली.

लोखंडी वजन उलटं केलं की बुडाशी शिशाची चकती दिसते. निरीक्षक तपासतो आणि तिच्यावर शिक्का मारतो. बाकीच्या दुकानांत ती चकती मळानं काळी पडलेली. हवालदार दर रविवारी वजनं घासायचे आणि शिक्के वर करून फळीवर ओळीनं वाळत ठेवायचे. कुणी हसलं तर हसो. लष्करी कॅन्टीनच्या कार्डावर स्वस्तात मिळणारा साबण, चहा दुकानात विकला असता तर चार पैसे सुटले असते. तो माल घरात वापरला जाई, दुकानाची पायरी चढत नसे. रमच्या बाटलीसाठी गावातली भलीभली माणसं संध्याकाळी गल्ल्यापाशी रेंगाळायची आणि शेंगदाणे घेऊन परत जायची.

माझं त्यांच्याशी पटायचं नाही. दुसऱ्या दुकानात सामान घेतलं की पोराच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. इथं नाही. एकदा मी तसं बोललोही. "माप ते माप," ते म्हणाले, "तुला वर दिलं तर ते कुणाच्या तरी पुडीतनं गेलं, लेका." हे तत्त्व म्हणून ठीक आहे, पण आठ-नऊ वर्षांच्या पोराला तत्त्व चघळता येत नाही. अजूनही मला ते थोडं लागतं, खोटं कशाला सांगू.

दरवर्षी 16 डिसेंबरला, विजय दिवसाला, गावात त्यांचा सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. वक्ता त्यांना कधी कारगिलला पाठवायचा, कधी पानिपताच्या आसपास. ते खाली मान घालून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नारळ दुकानातल्या टोपलीत, इतर नारळांच्या भावानं विकायला.

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं. रस्त्यावर ऊन, एखादी एस.टी. धूळ उडवून गेली की पुन्हा सामसूम. जरंडेश्वराचा डोंगर समोर पांढुरका पडलेला. त्या वेळात ते वाघ्या घेवडा निवडत बसायचे आणि मी कागदाच्या पुड्या बांधायला. अशाच एका दुपारी, मी विचारलं नसताना, ते बोलायला लागले.

1971. बांगलादेशचं युद्ध. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. ब्रह्मपुत्रा नावांतून ओलांडली, सामान बैलगाड्यांवर. त्यांची गोष्ट कोण शूर याच्यावर नव्हतीच. कुणाच्या पाठीवर किती ओझं, याच्यावर होती. वाटेत गावकरी मुरमुरे आणि खजुराचा गूळ घेऊन उभे. "काळपट दिसायचा, पण वास काय! आपल्या गुळाला तो नाही." हे सांगताना त्यांनी कराडच्या ढेपेकडं असं पाहिलं की मला तिची दया आली.

पलटण जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली. आत पाकिस्तानची बलुच पलटण. आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्याच्या हाती चिठ्ठी धाडली, शरण या म्हणून. उत्तराच्या कागदात गोळी आली. मग 10 डिसेंबरची रात्र. आतली माणसं फळी फोडून बाहेर पडणार, एवढं कळलेलं. "आम्ही पडून. अंधार. लांबनं आवाज..."

"हवालदार, पाव किलो साखर द्या. पाव्हणं आल्यात."

ते उठले. साखर काढली, काटा टेकू दिला, चार दाणे कमी केले, दोन घातले, काटा मध्ये आला तेव्हाच पुडीला सुतळी मारली. पैसे गल्ल्यात टाकले आणि परत घेवड्याच्या सुपाशी येऊन बसले. गोष्ट मात्र परत आली नाही.

उरलेलं मला मोठेपणी पुस्तकांत शोधावं लागलं. फळी फोडण्याचा तो डाव त्या रात्री मोडला आणि 11 तारखेला जमालपूर पडलं. 12 तारखेला टांगाइलजवळच्या पुंगली पुलावर जंगी पलटण आदल्या दिवशी आभाळातून छत्र्यांनी उतरलेल्या 2 पॅरा पलटणीला जाऊन मिळाली. ती 2 पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा. घरापासून इतक्या लांब, परक्या पुलावर, त्या माणसांनी एकमेकांना काय म्हटलं असेल, हे पुस्तकात नाही. ते हवालदारांना ठाऊक असणार.

गोष्ट तुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून थेट दुकानात गेलो होतो. दप्तरही उतरवलं नाही.

"काका, मग पुढं?"

"पुढं काय," ते म्हणाले, "ढाका. ती हळदीची बरणी खाली घे, नीट धर."