नाव गेले, रूप राहिले

वस्तू हरवण्याचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात वस्तू घरातच, आपल्या जागी स्वस्थ बसलेली असते. ती कोठे आहे हे सांगणारे माणूस तेवढे गावाला गेलेले असते. दुसऱ्या प्रकारात ती कोठे ठेवली होती, कोणी आणली होती, तिला काय किंमत पडली होती, हे सारे घरातल्या लहानथोरांना तोंडपाठ असते. फक्त वस्तूच नसते. संसारात मुरलेली माणसेही या दोहोंत फरक करीत नाहीत. दोन्ही वेळा सारखाच आरडाओरडा करतात. मला तो फरक कळला आमच्या घरच्या कॉम्प्युटरमुळे.

आमचे घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेच्या नदीकडच्या अंगाला. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांवर गेले की धोका समजायचा, हे इथल्या पोरांनाही पाढ्यासारखे पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेले. आम्ही माडीवर चढलो, धान्य चढवले, देव चढवले. खालच्या भिंतीतल्या कपाटात पाच आल्बम होते. काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले. ते राहिले. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्यात फुगतो आणि सुकताना शेजारच्या फोटोला जो मिठी मारतो, ती सुटत नाही. पाणी उतरल्यावर कपाटातून आल्बम निघाले नाहीत; जांभ्या दगडाचे पाच चिरे निघाले.

पण आम्ही रडलो नाही. कारण आदल्याच वर्षी माझ्या पुतण्याने ते सगळे फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतले होते. अकराशे चाळीस फोटो! शेजारी आमचे दादा बसायचे आणि एकेका फोटोचे नाव सांगायचे: 'अप्पा व माई, रंकाळा, १९५८', 'खासबागेतली कुस्ती, अप्पा डावीकडून तिसरे'. पुतण्या ते टिपायचा. चार महिने हे चालले होते. दादा २०२१ मध्ये गेले. कॉम्प्युटर मात्र माडीवर होता, म्हणून वाचला, आणि त्याच्या पोटात आमचे घराणे सुखरूप आहे या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो.

मग २०२३ ची दिवाळी आली. माळे झाडून झाले, पितळेची भांडी चिंचेने घासून झाली, आणि आवराआवरीची लाट कॉम्प्युटरपर्यंत पोचली. मशीन हल्ली फार सावकाश चालते, जरा साफ कर, असे पुतण्याच्या मुलाला सांगण्यात आले. वय वर्षे बारा, उत्साह दांडगा. त्याला एक भले मोठे खाते दिसले. त्याच्यावर नाव होते 'जुने'. आता तुम्हीच सांगा, दिवाळीच्या आवराआवरीत 'जुने' या शब्दाला दुसरी कोणती गती आहे? बरे, साधे पुसले असते तर कॉम्प्युटरच्या कचरापेटीत तरी मिळाले असते. पण कचरा घरातल्या पेटीत कशाला, एकदम बाहेरच टाकावा, म्हणून त्याने शिफ्टची कळ दाबून ते पुसले. मुलांना स्वच्छतेचे धडे नीट दिले म्हणजे असे होते.

संध्याकाळी हे ध्यानात आले आणि घरात एकच कालवा झाला. पोरगे रडू लागले. वहिनी देवापुढे जाऊन बसल्या. सून म्हणाली, गेलेले फोटो परत आणणारा प्रोग्रॅम उतरवून घेता येतो, आत्ता घेते. शेजारच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी मशीन चार वेळा बंद-चालू करून पाहण्याचा सल्ला दिला. पुतण्याने मात्र दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने एवढेच सांगितले, "काही करू नका. वायर काढा आणि गप बसा."

कोल्हापुरात माणसाला गप बसायला सांगणे म्हणजे केवढी शिक्षा, हे इथले पाणी प्यालेल्यालाच कळेल! पण त्या एका वाक्याने आमचे फोटो वाचले. त्याचे मर्म त्याने दुसऱ्या दिवशी मला उलगडून दाखवले, ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

आमच्या गावात करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० सालापासूनचे ग्रंथालय आहे. कल्पना करा, अशा एखाद्या ग्रंथालयात कोणी सूचीतले एक कार्ड फाडून टाकले. पुस्तक गेले का? नाही. ते आपल्या फळीवर उभेच आहे. फक्त ते मागायला गेलात तर ग्रंथपाल 'नाही' म्हणेल. कॉम्प्युटरही पुसताना नेमके हेच करतो. तो फोटो खरडून काढीत नाही, सूचीतली नोंद रद्द करतो आणि 'ही फळी मोकळी आहे' असे लिहून ठेवतो. खरा घात पुढे होतो. नवे पुस्तक आले की ते त्या 'मोकळ्या' फळीवर चढते आणि जुने बाहेर फेकले जाते. सूनबाईंनी प्रोग्रॅम उतरवला असता, तर फोटो शोधायला आलेला पाहुणाच कदाचित फोटोंच्या छातीवर बसला असता. म्हणून पहिला उपाय एकच: त्या मशीनवर काहीही नवे लिहू नये. हल्लीच्या पुष्कळ मशीनांत फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क असते. ती फळी मोकळी झाल्याचे कळताच स्वतःच झाडून ठेवते. तिथे गप बसण्याचाही फारसा उपयोग होत नाही. आमचे मशीन जुने, तबकडीचे होते. जुनेपणाचा असाही एक फायदा!

दुरुस्तीवाल्याने ती डिस्क काढली, दुसऱ्या डिस्कवर तिची हुबेहूब नक्कल उतरवली आणि शोध नकलेत सुरू केला. मुळाला हात नाही. क्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेला फोटोरेक नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तो फुकट मिळतो. तो सूचीकडे पाहतच नाही. पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत चालत जातो आणि प्रत्येक वस्तूचे तोंड पाहतो. फोटोच्या आरंभी काही ठराविक आकड्यांची खूण असते. गर्दीत तुरेदार फेटा दिसला की माणूस आपल्या गावचा हे ओळखावे, तशी ती खूण दिसली की हा फोटो, असे तो ओळखतो आणि उचलून बाजूला ठेवतो. रात्रभर हे चालले. सकाळी एक हजार शहाऐंशी फोटो हाती आले. त्यांतले साठेक अर्धेच होते: वर चेहरा, आणि खाली गळ्यापासून सगळे राखाडी.

घरात पेढे वाटले. आणि मग पुतण्या हळूच म्हणाला, "काका, नावं नाहीत."

नावे सूचीत होती, आणि सूची तर गेली होती. प्रत्येक फोटोला आता एक लांबलचक आकडा होता. क्रमही गेला होता. मुंजीनंतर बारसे, बारशानंतर तेराव्याचा फोटो, आणि दादांनी सांगितलेली ती अकराशे वाक्ये कुठेच नव्हती. पुराने आमच्याकडून कागद नेला होता. या वेळी दादांचा आवाज गेला.

आता नावे सांगू शकेल असे एकच माणूस उरले होते, आमची आत्या. वय अठ्ठ्याऐंशी. दिवाळीत तिला आणले आणि फोटो दाखवायला बसलो. त्या अर्ध्या फोटोंपैकी एकात सात-आठ पुरुष मावळ्यांच्या वेषात उभे होते. आत्या म्हणाली, "हा सिनेमातला रे. दुसरे ते आमचे आजोबा. त्यांना मावळा केलं होतं." कुठल्या सिनेमात? ते तिलाही ठाऊक नव्हते.

तो फोटो पाहताना मला माझ्या गावाचे नवल वाटले. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला, १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. त्या मूक 'सावकारी पाश'ची साल, कथा, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेतले शांताराम, सगळे ग्रंथांतून नोंदलेले आहे. चित्रपट मात्र आज पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची; ठिणगीने पेटायची, पडून पडून विरायची. म्हणजे तिथे कार्ड शाबूत आहे आणि फळी रिकामी. आमच्या घरी नेमके उलटे: फळी भरलेली आणि कार्ड फाटलेले. हरवण्याचे दोन प्रकार म्हणतो ते हे!

यांतला कोणता प्रकार बरा? रिकाम्या फळीवरही जिद्दीची माणसे काही मांडतात. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि त्यात 'मीठभाकर' खाक झाला. भालजींनी तो पुन्हा काढला. पण ते भालजी होते. आम्हाला अप्पा आणि माई १९५८ च्या रंकाळ्यावर पुन्हा उभे करता येणार नव्हते. आम्हाला एकच करता येत होते: रूप हाती आहे तोवर आणि ओळखणारे डोळे उघडे आहेत तोवर दोघांची गाठ घालून देणे.

म्हणून त्या दिवाळीत आणि पुढच्या तीन महिन्यांत आत्या सांगत गेली आणि तो बारा वर्षांचा मुलगा लिहीत गेला. कॉम्प्युटरवर तर लिहिलेच, पण आत्याच्या हट्टाने एका जाड वहीत शाईनेही. तीन प्रती केल्या. एक घरी ठेवली. दुसरी सांगलीच्या बहिणीकडे ठेवणार होतो, पण तिथे कृष्णा आहे आणि तिचाही स्वभाव २०१९ मध्ये कळला होता. तेव्हा ती पुण्याला, चौथ्या मजल्यावर गेली. तिसरी बँकेच्या लॉकरमध्ये, दागिन्यांशेजारी. वहिनींनी प्रथम कुरकुर केली. मग स्वतःच दागिने थोडे सरकवून जागा केली.

शेवटी एक फोटो उरला. नऊवारीतली एक तरुण बाई, कडेवर मूल, मागे पंचगंगेचा घाट. आत्याने भिंग लावून पाच मिनिटे पाहिले. मूल ओळखता येईना, बाईही येईना. मुलगा कंटाळला होता. तो म्हणाला, "आत्याआजी, माईच असतील. माई लिहू?"

"नको," आत्या म्हणाली. "जागा मोकळी सोड. उगाच कुणाचं तरी नाव लिहिलंस, तर खरं नाव सांगणारं माणूस आलं तरी गप बसेल."

मुलाने आकडा लिहिला, पुढे रेघ ओढली आणि पान उलटले.