समुद्राशेजारचं गोड पाणी

लातूरच्या माणसाची नजर कुठंही गेली तरी आधी पाणी शोधते. वसईच्या वाडीत, अर्नाळ्याच्या अलीकडे, एका भाड्याच्या बंगल्यात आमची सगळी भावकी उतरली, आजीपासून तान्ह्या लेकरापर्यंत. पडवी, झोपाळा, कौलं, आवारातले माड हे सगळं मला नंतर दिसलं. आधी दिसली ती विहीर. वाकलं की आपला चेहरा दिसावा इतकं पाणी वर आलेलं. पोहरा ओढून ओंजळभर प्यालो. गोड! आणि समुद्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. मला ते खरंच वाटेना, म्हणून पुन्हा प्यालो.

बंगल्याची राखण करणाऱ्या काकींना माझ्या तोंडावरचं आश्चर्य कळलं असावं. "या इकडे, बावखल दाखवते," म्हणाल्या आणि केळीच्या बागेतून मागच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथं एक लांबट तळं होतं, काठाला केळी आणि अळू, पाण्यावर माडांची सावली. असली बावखलं वसईच्या पश्चिम पट्ट्यात गावोगाव आहेत, पूर्वजांनी हातांनी खणलेली. पावसाळ्यात ती भरतात आणि पाणी हळूहळू भोवतालच्या वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे जमिनीखाली ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. विहिरी त्या वरच्या थरातलं पाणी देतात. उपसा बेताचा असेल तोवर समुद्र खालीच राहतो. हाव सुटली की खारं पाणी वर चढतं. एवढं शहाणपण कुठल्याही यंत्राशिवाय या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, याचं मला कौतुक वाटतं.

पाऊस त्यांच्याकडे जास्त, हे खरंच. आमच्याकडे वर्षाला सातआठशे मिलिमीटर, इकडे दोन हजारांच्या वर. पण पडलेलं पाणी जिरवायला जागा राखणं हे पावसाचं काम नाही, माणसांचं आहे. आम्ही ते केलं नाही.

घर मोठं होतं. मधल्या दालनात भिंतीलगत गाद्यांची चळत, मागं मोठ्या चुली आणि त्यावर पन्नास माणसांचा भात शिजेल असे टोप. ज्वारीवर वाढलेली आमची माणसं तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या कौतुकानं उलटीसुलटी करून पाहत होती. जेवणानंतर काकींनी आगाशीची सुकेळी आणून ठेवली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारख्या रंगाची. आजीनं एक खाल्लं आणि दुसरं पदरात बांधलं. सकाळी चर्चची घंटा ऐकू आली. काकी लगबगीनं निघाल्या. तिथली प्रार्थना मराठीत होते हे ऐकून आजी कितीतरी वेळ त्यांना खोदून खोदून विचारत राहिली. घरात काकी आपल्या माणसांशी कादोडी बोली बोलत. अर्धी समजायची, अर्धी नुसती ऐकायला गोड वाटायची.

आवारात एक पोहण्याचा तलावही होता. असल्या बंगल्यांना आता तो लागतोच, त्याशिवाय मुंबईची मंडळी येत नाहीत. पोरं दिवसभर त्यातच. मी मात्र काठावर बसून हिशेब करत होतो. दहा मीटर लांब, पाच रुंद, खोली सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे साठ हजार लिटर पाणी. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा डबे होते, एका डब्यात पन्नास हजार लिटर. ज्या पाण्यासाठी आम्ही रात्री घागरी घेऊन जागलो, त्याच्या एका अख्ख्या डब्याहून जास्त पाण्यात आमचीच पोरं डुंबत होती. पोरांना बाहेर काढावंसं वाटलं नाही. पण घास घशाखाली उतरेना.

संध्याकाळी काकींचे यजमान जुनी गोष्ट सांगत बसले. स्टेशनांजवळ इमारती वाढल्या, त्यांना पाणी हवं म्हणून वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागू लागले आणि विहिरी खारट व्हायला लागल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीनं लोकांना रस्त्यावर आणलं. हेच दिब्रिटो 2020 मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. लेखक म्हणून मी त्यांना ओळखत होतो. विहिरींसाठी उभा राहिलेला माणूस म्हणून ते मला तिथं त्या पडवीत कळले. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले.

अजूनही बावखलं बुजवली जातात, त्यावर भराव पडतो. काही गावांतली तरुण मुलं श्रमदानानं गाळ काढतात, पण भराव टाकणारा डंपर त्यांच्यापेक्षा वेगानं काम करतो.

म्हणून तुम्ही वसईला दहावीस माणसांचा गोतावळा घेऊन जाणार असाल, तर जरूर जा. पण बंगला ठरवताना खोल्या किती, दर किती, याच्याआधी एक प्रश्न विचारा: पाणी विहिरीचं की टँकरचं, आणि बावखल शाबूत आहे का? बावखल राखणाऱ्या मालकाकडेच उतरा, चार पैसे जास्त लागले तरी चालतील. आणि तलाव रोज रिकामा करून भरायला सांगू नका.