अडखळणारं इंजिन

गोव्यातल्या बऱ्याच घरांत शोकेस असतं आणि त्यात बोटीवरच्या माणसाने आणलेली एखादी तरी वस्तू असते. जपानी बाहुली, बाटलीतलं जहाज, असलं काहीतरी. कुडचड्याला माझ्या मामांच्या शोकेसमध्ये आगगाडीचं इंजिन आहे. मामांनी उमेदीची वर्षं मालवाहू बोटींवर काढली. एकदा बोट हॅम्बुर्गला लागली असताना त्यांनी मुलासाठी ही गाडी घेतली. एक इंजिन, तीन डबे, गोल जुळणारे रूळ आणि विजेचा कंट्रोलर. पूर्वी पाहुणे आले की जेवणं झाल्यावर गाडी हॉलमध्ये मांडली जायची. आम्ही भाचरं पोटावर पालथे पडून बघायचो.

गेली काही वर्षं मात्र इंजिन नीट चालत नव्हतं. दोन वीत जायचं, थबकायचं, बोटाने ढकललं की झटका देऊन सुटायचं. मामांचा मुलगा आता इंग्लंडात स्विंडनला असतो. गोव्याची पुष्कळ माणसं तिथे आहेत. गंमत म्हणजे हे गावच रेल्वेचं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा तिथला कारखाना 1843 ते 1986 चालला. तो फोनवर म्हणाला, "पप्पा, टाकून दे ते. मी नवीन पाठवतो."

मामा त्याला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "नवीन कशाला? ह्याला काय झालंय ते तरी आधी बघ."

ते स्वतःच बघू शकले असते. बोटीवर इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस. पण आता त्यांना कंपवात आहे, स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत बसत नाही. तेव्हा ठरलं असं, की हात माझे आणि डोकं मामांचं.

हे इंजिन खऱ्याच्या 87 पट लहान आहे. दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या रुळांचं ते छोटं रूप. (आपल्या कोकण रेल्वेचं अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे ह्या मापात तिचे रूळ साधारण 19 मिलिमीटरचे झाले असते.) कंट्रोलरमधून जास्तीत जास्त 12 व्होल्टचा डीसी प्रवाह येतो. एका रुळातून तो इंजिनात शिरतो आणि दुसऱ्या रुळातून परत जातो. वाटेत टप्पे किती? रूळ, चाक, चाकाला घासणारी पितळी पत्री, वायर, कार्बन ब्रश, मग मोटर. आमच्या ऑफिसात फाईल अडली की आपण टेबलामागून टेबल शोधत जातो, तसलाच प्रकार. साहेबाला दोष देण्याआधी फाईल साहेबापर्यंत पोचली का, ते बघायचं.

आणि खरं इंजिन अशा बारीक अडथळ्याने थांबत का नाही? त्याचं वजन शंभर टनांच्या घरात असतं. क्षणभर वीज गेली तरी ते वेगाच्या भरात पुढे सरकतं. ह्या पाव किलोच्या जीवाला तसला भरच नाही. निमिषभर संपर्क तुटला की ते जागीच उभं राहतं.

मामांनी पहिला प्रश्न विचारला, "झटका एकाच जागी बसतो की कुठेही?" एकाच जागी बसत असेल तर दोष रुळाचा. कुठेही बसत असेल तर इंजिनाचा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा, ठरल्यासारखा बसत असेल तर एखाद्या गिअरचा दात मोडलाय किंवा त्यात केस अडकलाय. आमचं इंजिन कुठेही थांबत होतं. दुसरा प्रश्न, "त्या वेळी पुढचा दिवा विझतो काय?" विझत होता. म्हणजे मोटरपर्यंत वीजच पोचत नव्हती. दिवा तेवत राहून वेग कमीजास्त झाला असता, तर मोटर नाहीतर गिअर तपासावे लागले असते. इंजिन न उघडताच निम्मं काम झालं!

मग इंजिन स्पंजवर उताणं ठेवलं आणि कंट्रोलरच्या दोन वायरी दोन्ही बाजूंच्या चाकांना एकेक जोडी करत लावून पाहिल्या. मागच्या एका जोडीला लावल्या की मोटर गप्प. तिथली पत्री चाकाला टेकतच नव्हती. सुईच्या टोकाने ती केसभर वाकवली. बाकीच्या चाकांवर काळा थर चढलेला. आपली खारी हवा, पावसाळ्यातली ओल आणि वर घरातल्या कुणीतरी हौसेने ओतलेलं शिलाई मशीनचं तेल. तेल चांगलंच असतं, पण इथे ते सुईच्या टोकावर मावेल एवढंच लागतं. जास्त झालं की धूळ धरतं आणि त्याचा चिकटा होतो.

चाकं पुसायची मामांची युक्ती सांगण्यासारखी आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला फडक्याचा तुकडा रुळांवर आडवा टाकायचा. इंजिनाची अर्धी चाकं फडक्यावर, अर्धी उघड्या रुळावर. इंजिन हाताने धरून कंट्रोलर फिरवायचा. उघड्या रुळावरच्या चाकांतून वीज मिळते आणि फडक्यावरची चाकं जागच्या जागी फिरून स्वतःला पुसून घेतात. मग इंजिन उलट बाजूने ठेवायचं. रूळ मात्र पॉलिशपेपरने घासायचे नाहीत. ओरखडे पडतात आणि त्यांतच पुढची घाण साचते. आम्ही शाळेतला खोडरबर वापरला.

इंजिन धावू लागलं, पण डबे जोडले की चाकं घसरत. दोन चाकांवर रबराच्या बारीक कड्या असतात, पकड येण्यासाठी. त्या दगडासारख्या कडक होऊन तडकल्या होत्या. मामांनी स्विंडनला फोन लावला. म्हणाले, "इंजिन नको रे. दोन रबरं पाठव." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भावाने इंजिनाच्या पोटावरचा नंबर विचारून घेतला. तीन आठवड्यांनी साध्या पाकिटातून रबरं आली, सोबत चिठ्ठी: "पप्पा, डिसेंबरात मी पोराला घेऊन येतो. तोवर शोकेसमध्ये ठेवू नको."

रबरं मी चढवली. इंजिन रुळांवर ठेवायला मी हात पुढे केला, तर मामा म्हणाले, "थांब, मी ठेवतो." हे काम दिसतं तितकं सोपं नाही. सगळ्या चाकांच्या कडा रुळांच्या आत नेमक्या बसाव्या लागतात. मामांचा हात थरथरत होता. दोनदा चाक रुळाबाहेर गेलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मदतीला मीही गेलो नाही, तीही आली नाही. तिसऱ्यांदा टक् असा बारीक आवाज झाला.

मी कंट्रोलर फिरवणार, एवढ्यात मामा म्हणाले, "अगदी हळू. पळायला काय, कसलंही इंजिन पळतं. हळू चाललं तर ते बरं झालं म्हणायचं."