भरतीच्या रेषेवरची नोंद

जेलीफिशच्या शरीरात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. हाड नाही, शिंपला नाही. वाळूवर पडलेला प्राणी उन्हात काही तासांत पापुद्र्याएवढा होतो. तो कुठे आणि केव्हा आला होता याचा पुरावा म्हणून बहुधा पाहणाऱ्याचा फोटोच उरतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक गिरगाव, जुहू, हाजी अली इथे ओहोटीला फिरून अशा नोंदी करतात आणि ‘आयनॅचरलिस्ट’वर टाकतात.

ठाण्यात टेंभी नाक्यावर राहणाऱ्याला खाडी जवळ, पण तिचा काठ चिखल-खारफुटीचा. गिरगावच्या वाळूसाठी दादरला गाडी बदलून चर्नी रोड गाठावे लागते, म्हणून घरूनच तिथी पाहून निघायचे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंचमीला पावणेचार, म्हणजे पूर्ण ओहोटी दहाच्या सुमारास. थोडा फरक पडतो. छापील तक्ता जास्त अचूक.

पावसाळ्यात वारा समुद्राकडून आला की भरतीच्या रेषेवर निळे फुगे पडलेले दिसतात. 2018 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईत इतके आले की अनेकांना डंख झाले. ही ‘ब्लू बॉटल’. लोक तिला जेलीफिश म्हणतात, पण ती अनेक जीवांची एकत्र वसाहत आहे. तिचा फोटो वरूनच घ्यावा. फुग्यावरचा तुरा काहींत डावीकडे कललेला असतो, काहींत उजवीकडे, आणि एकाच वाऱ्यात दोन्ही प्रकार वेगवेगळ्या दिशांना वाहतात. बाजूने काढलेल्या देखण्या फोटोत नेमके हेच कळत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवावी, नसेल तर नाणे. हात लावू नये. मेलेल्या ब्लू बॉटलचे दोरेही डंख मारतात.

नवख्याची वही मात्र रिकाम्या फेरीपाशी अडते. काही दिसले नाही तर लिहायचे काय, असे त्याला वाटते. पण किती चाललो हे नसेल, तर ‘चाळीस दिसल्या’ या आकड्याला काही अर्थ नाही. आणि न दिसलेले दिवस नोंदलेले नसतील, तर यंदा जास्त आल्या की बघणारे जास्त होते, हे सांगता येत नाही. ‘आयनॅचरलिस्ट’ दिसलेल्या जिवाचीच नोंद घेते. बाकीचे वहीत लिहावे लागते: कृष्ण पंचमी, सकाळी दहा, वारा नैर्ऋत्येचा, अर्धा किलोमीटर, एकही नाही.